मदत हवी आहे: कादंबरीतला मोडलेला योद्धा-पंथ पुन्हा कसा उभा करू?

काल्पनिक जगावर कादंबरी लिहितेय. तिथल्या धर्मातला शस्त्रधारी संन्याशांचा पंथ दीडशे वर्षांपूर्वी राजाने मोडला, मठांच्या जमिनी सरदारांना वाटल्या. आता यात्रेकरू लुटले जातायत, आणि देवस्थानच्या कर्जात बुडालेली राणी कर्जमाफीच्या बदल्यात पंथाला पुन्हा परवानगी देते. इथवर कथा पटते.

अडचण पुढची. टेम्पलरांचा, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती योद्धा-संन्याशांच्या पंथाचा, इतिहास वाचला. १३१२ मध्ये पोपने पंथ बरखास्त केला, तरी पोर्तुगालच्या दिनिश राजाने १३१९ मध्ये त्यांच्याच मालमत्तेवर 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' हा नवा योद्धा-पंथ उभारला. पण तिथे जुनी माणसं हयात होती. नागा साधूंच्या आखाड्यांत दीक्षा गुरूकडून शिष्याकडे जाते. माझ्याकडे तो धागाच तुटलाय, आणि हाच भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो.

देवाचा साक्षात्कार किंवा 'लपून राहिलेला शेवटचा गुरू' नकोय, दोन्ही फार सोपं होतं. जुना नियमग्रंथ शिल्लक आहे, पण दीक्षाविधीची पानं नाहीत. मुख्य पुजारी स्वतः योद्धा नाही.

मग पहिल्या योद्ध्याला दीक्षा कोणी द्यावी, म्हणजे सरदार नाही तरी निदान सामान्य भाविक ती खरी मानतील?