दुकानात पाहिलेला गुडघ्याचा पट्टा बातम्यांच्या पानावर कसा आला?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
आईसाठी मी एका संकेतस्थळावर गुडघ्याचा पट्टा पाहिला, घेतला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी बातम्या वाचताना त्याच पट्ट्याची जाहिरात समोर आली. कुकीजना ‘सर्व मान्य’ म्हटल्यामुळे आईचे दुखणे परक्यांना कळले का?

उत्तर (रावपुरा):
ताई, कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये ती योजली, कारण पान बदलले की सर्व्हरला आधीचे काहीच आठवत नसे आणि खरेदीची यादी टिकत नसे. दुकानाची स्वतःची कुकी मला गैर वाटत नाही. खरी अडचण त्रयस्थ कुकीची आहे: दुकानाच्या आणि बातम्यांच्या पानावर एकाच जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडा असेल, तर ती कंपनी आपल्या कुकीतील क्रमांकावरून तुमच्या दोन्ही भेटी जोडते. नाव कळलेच असे नाही. पण दुखण्याचा अंदाज बांधला जातो, आणि तो नावाइतकाच खाजगी आहे.

उत्तर (मांडवी):
ॲपलचा सफारी ब्राउझर २०२० पासून त्रयस्थ कुकी आपणहून अडवतो. क्रोममध्ये मात्र ही सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. जुन्या कुकी पुसल्यास बऱ्याच ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागेल, म्हणून पासवर्ड आधी जवळ ठेवा.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. क्रोममधली सोय आताच चालू केली. आईच्या फोनवरही आज संध्याकाळी करून देते.