मेल सर्व्हरला रेड ५ की रेड १०? आणि बॅकअप कसा ठेवता?

कृष्णाकाठ (सांगली):
मंडळी, आमच्या कारखान्याचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स-डव्हकॉटवर (मेल पाठवणारा-घेणारा आणि मेल साठवून दाखवणारा प्रोग्रॅम) आहे. ६० खाती, मेलडिर पद्धतीनं साठवलेली, एकूण ९०० जीबीच्या आसपास. नव्या मशीनला ४ टीबीच्या चार डिस्क आल्यात, त्या रेडमध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा अशी जोडणी) लावायच्यात. मालक म्हणतात रेड ५ कर, १२ टीबी मिळतात, रेड १० मध्ये आठच. वर "रेड आहे तर बॅकअप कशाला?" काय सांगू त्यांना?

रात्रपाळी:
९०० जीबीला १२ टीबी घेऊन काय करणार, हे आधी विचारा. मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल, दिवसभर बारीकसारीक लिहिणं चालूच. रेड ५ वर त्यातल्या प्रत्येक लिहिण्याला चार कामं पडतात: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत जुळवायचा हिशेब) वाच, मग दोन्ही नव्यानं लिही. रेड १० मध्ये जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तेच लिहायचं, म्हणजे दोनच. सोमवारी सकाळी सगळे एकदम मेल उघडतात तेव्हा कळतं.

आता बॅकअप. माझ्याकडे मिररही (दोन डिस्कवर एकच डेटा) होता आणि रोज रात्री दुसऱ्या मशीनवर आरसिंकही (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्रॅम), डिलीटचा पर्याय लावून, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. ऐन मार्चअखेरीला अकाउंट्सच्या मॅडमनी चुकून 'पर्चेस' फोल्डर उडवलं. रेडनं इमानेइतबारे दोन्ही डिस्कवरून पुसलं, रात्री आरसिंकनं तिसरीकडूनही. लक्षात आलं तिसऱ्या दिवशी! शेवटी त्यांचा जुना लॅपटॉप कपाटात सापडला. राउटर बंद करून मगच तो चालू केला, नाहीतर आयमॅपनं (लॅपटॉपवरचे मेल सर्व्हरशी जुळवून ठेवणारी पद्धत) तिथलंही साफ केलं असतं. सत्तरेक टक्के मेल मिळाले, बाकीच्यांसाठी पुरवठादारांना फोन.

म्हणून आता झेडएफएस फाइल सिस्टीम, दोन मिररच्या जोड्या, तासातासाला स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत). बॅकअपचं मशीन स्वतः येऊन ते ओढून नेतं. सर्व्हरकडे त्या मशीनचा पासवर्डच नाही, त्यामुळे रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम) शिरलं तरी तिथवर हात पोचत नाही. महिन्यातून एकदा कुणाचंतरी एक खातं परत काढून बघतो. कंटाळवाणं काम आहे, पण करतो.

एकतारी:
+१. सर्व्हर दिवसभर बंद पडला म्हणून घाबरू नका. पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हापुन्हा पाठवत राहतो, पोस्टफिक्सची मुदत मुळातच ५ दिवसांची असते. आलेलं मेल गेलं तर मात्र परत कोण पाठवणार? आणि डीकेआयएमची किल्ली (जाणाऱ्या मेलवर आपल्या डोमेनची सही करणारी), खात्यांची यादी, ईटीसी (सर्व्हरच्या सेटिंगचं फोल्डर) हेही बॅकअपमध्ये घ्या. लोक नेमकं तेच विसरतात.

कृष्णाकाठ:
मालक रेड १० ला तयार झाले, मार्चअखेरीची गोष्ट ऐकून. बॅकअपला ऑफिसातलाच जुना डेस्कटॉप चालेल ना? सर्व्हरशेजारीच जागा आहे.

रात्रपाळी:
डेस्कटॉप चालेल, शेजारी नको. सांगलीत राहून २०१९ चा महापूर विसरलात काय राव? मालकांच्या घरी ठेवा, वरच्या मजल्यावर.