चित्र लक्षात राहते, पण नावे राहत नाहीत

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)
मी खेड्यातील शाळेत विज्ञान शिकवते. माझा एक विद्यार्थी पऱ्हाटीचे (कपाशीचे) फूल हुबेहूब काढतो, उमललेल्या दिवशीचे पिवळसर पांढरे आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडलेले, दोन्ही. मात्र निदलपुंज (बाहेरचे हिरवे आवरण), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर), जायांग (स्त्रीकेसर) ही फुलाच्या भागांची नावे पाठ करूनही त्याला आठवत नाहीत. असा मुलगा ‘पाहून शिकणारा’ असतो, त्याला केवळ चित्रांवरून शिकवावे, असे एका प्रशिक्षणात सांगण्यात आले. ते योग्य आहे का?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, वर्धा)
ताई, कृपया तसे करू नका. ‘पाहून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’ अशा गटांनुसार शिकवल्याने मुले अधिक शिकतात याला पुरेसा आधार नाही, असे मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून लिहिले आहे. चित्रे सर्वांच्याच लक्षात राहतात. मानसशास्त्रज्ञ लायोनेल स्टँडिंग यांच्या १९७३ मधील प्रयोगात दहा हजार चित्रे पाहिलेल्यांनी दोन दिवसांनी त्यांतील बहुतेक ओळखली. अर्थात तेथे केवळ ओळखायचे होते, आणि परीक्षेत मात्र नाव स्वतः आठवून लिहावे लागते. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पाइव्हिओ यांच्या मते चित्राची नोंद मनात प्रतिमा आणि शब्द अशी दुहेरी होते, म्हणून एक वाट बुजली तरी दुसरी उरते. ‘जायांग’ हा शब्द या मुलासाठी अजून नुसता आवाज आहे. तो शब्द त्या फुलाशी जोडून द्यावा लागेल.

उत्तर (मानसशास्त्राची प्राध्यापिका, अमरावती)
गुरुजींशी सहमत आहे. एक भर घालते. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडल्याप्रमाणे तात्पुरत्या स्मृतीत उच्चारलेले शब्द आणि दिसणारी आकृती यांच्या जागा वेगळ्या असतात. म्हणून चित्र दाखवताना बोलणे पोषक ठरते. पण फळ्यावरचा मजकूर मुले वाचत असताना आपण दुसरेच बोलू लागलो, तर दोन्ही शब्द एकाच जागेत दाटी करतात. फूल सोलताना त्याच्याकडूनच नावे म्हणवून घ्या आणि दुसऱ्या दिवशी वही मिटून आकृती नावांसह काढायला सांगा.

शिक्षिका
शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) फुले आणून तसे केले. आज वही मिटून त्याला तीन नावे आली, जायांग राहिले. आकृतीत त्याने निदलपुंजाच्या बाहेरची तीन झालरीसारखी हिरवी पाने न विसरता काढली होती, आणि त्यांना काय म्हणतात, हे त्यानेच मला विचारले.