बाईला ३००, गड्याला ५००: यंदाच्या वहीत काय लिहू?

द्राक्षबाग_दिंडोरी

नमस्कार मंडळी. आजवर इथे डाऊनी-भुरीसारखे द्राक्षाचे रोग, छाटणीच्या तारखा एवढंच विचारत आले. आज मजुरीचं विचारायचंय. बरेच दिवस मनात घोळतंय.

दिंडोरी तालुक्यात माझी पावणेतीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. आमचे हे चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून बाग मीच बघते. हजेरीची वहीही माझ्याकडे आली. तिच्यात सासऱ्यांच्या वेळेपासून दोनच रकाने: गडी आणि बाई. सध्या गड्याचा रोज ५००, बाईचा ३००. आमच्या शिवारात सगळीकडे हाच भाव आहे. मीही तसाच पुढे चालवला, कधी विचार केला नाही.

गेल्या हंगामात विरळणीच्या, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढण्याच्या वेळची गोष्ट. मणी ज्वारीएवढे झाले होते, घाई होती. सुरगाण्याकडचं एक जोडपं माझ्याकडे मळ्यात राहायला होतं. एरवी तो फवारणीला आणि क्रेट उचलायला, ती विरळणीला. त्या दिवशी फवारणी नव्हती म्हणून मी त्यालाही कात्री दिली. शेजारशेजारच्या ओळी दिल्या. ज्यांनी विरळणी केलीय त्यांना सांगायला नको, पण हे नुसतं कापणं नसतं. मान दिवसभर वर. डाव्या हाताने घड अलगद फिरवायचा, आतला मणी कुठला काढला म्हणजे बाहेरच्याला जागा मिळेल ते बघायचं, आणि कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागू द्यायचं नाही. तिथे ओरखडा पडला तर तो मणी मोठा होईपर्यंत डाग घेऊन वाढतो आणि निर्यातीच्या मालातून घड बाहेर जातो. ती हे न बघता करत होती, बोटांनीच. पाच वाजता ती नवऱ्याच्या अकरा झाडं पुढे होती. मधे दोनदा मागे येऊन तिने त्याचे घड नीट करून दिले, तेही मी पाहिलं.

संध्याकाळी वही उघडली. ती म्हणाली, "ताई, दोघांचं एकातच लिहा. पैसे त्यांच्याकडंच द्या." मी लिहिलं, ८००. त्याच्या हातात दिले.

रात्री बेरीज करायला बसले तेव्हा त्या ८०० वर नजर थांबली. एकच काम, एकच बाग, एकच दिवस. चांगलं काम करणारीचे ३००. आणि मी एकच आकडा लिहिल्यामुळे तो फरक वहीत दिसतही नव्हता. खरं सांगते, मला लाज वाटली. मी स्वतः बाई आहे आणि हे माझ्या हाताने लिहिलं जातंय.

कोणी म्हणतं, बाया उशिरा येतात. बरोबर आहे. गडी आठला येतो, बाया नऊला. सुटी दोघांना पाचला. म्हणून तासाचा हिशेब करून पाहिला. नऊ तासांचे ५०० तर आठ तासांचे ४४४ होतात. म्हणजे उशिरा येण्याचे फार तर ५६ रुपये वजा व्हावेत. उरलेले १४४ कशाचे कापते मी?

बायांचा रोज वाढवायचा विचार शेजारी बोलून दाखवला तर दीर म्हणाले, "वहिनी, रेट फोडू नका. तुमच्यामुळे सगळ्या शिवाराला द्यावा लागेल." एक जण म्हणाले, दोघांना ४०० करून टाका, खर्च फारसा वाढत नाही आणि तक्रारही नाही. मला ते पटत नाहीये, पण का ते नीट सांगता येत नाही. विरळणीला माझ्याकडे बारा बाया बावीस दिवस असतात. पूर्ण २०० वाढवले तर ५२,८०० रुपये जास्त जातात. ही रक्कम माझ्यासाठी लहान नाही.

कोणी आपल्या बागेत हे बदललंय का? कसं केलं? शिवारात वाईटपणा न येता होतं का?

---

तासगावकर

ताई, तुमची कळकळ समजते, पण दुसरी बाजूही मांडतो. राग मानू नका.

गड्याच्या ५०० मध्ये फवारणी धरलेली असते. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की एक दिवसाआड फवारणीचा ब्लोअर चालतो. पहाटे अंधारात उठायचं, औषधाचा फवारा अंगावर घ्यायचा. माझ्या गड्याच्या हातांची कातडी सोलवटलेली मी बघतो. भरलेले क्रेट उचलून गाडीत चढवायचे तेही तोच. हे काम बाईला देत नाही आपण, आणि द्यावं असंही मला वाटत नाही.

दुसरं, तुमचे दीर म्हणतात त्यात तथ्य आहे. हंगामात मजूर मिळत नाही. एकाने भाव वाढवला की सगळी टोळी तिकडे वळते आणि बाकीच्यांची बाग अडते. लोक वर्षभर बोलत नाहीत मग.

मी मागच्या दोन वर्षांपासून विरळणी उक्ती देतो, झाडावर भाव. बाई करो नाहीतर गडी, झाडाला तेवढेच पैसे. माझ्याकडच्या दोघी-तिघी बाया गड्याच्या रोजापेक्षा जास्त घेऊन जातात. भाव फोडला असं कोणी म्हणत नाही, कारण रोज वाढलेलाच नाही. मात्र घाईघाईत घड बिघडवतात, मागे फिरून बघावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

---

मस्टरवाला_काका

ताई, मी रोजगार हमीच्या कामावर मस्टर कारकून होतो, म्हणजे मजुरांची हजेरी लिहायचो. आता निवृत्त आहे.

४००-४०० का पटत नाही ते सांगतो. तो मार्ग कायद्यानेच बंद केलेला आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यात लिहिलं होतं की बरोबरी करण्यासाठी कोणाचाही पगार खाली आणता येणार नाही. तो कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिच्या कलम ३ मध्येही ही अट आहे. म्हणजे ३०० वर न्यायचे, ५०० खाली आणायचे नाहीत. गड्याच्या खिशातून काढून बाईला दिलं तर दोघांत भांडण लावून दिल्यासारखं होतं, मालकाचं काही जात नाही.

आता तासगावकर दादांचा मुद्दा. फवारणी वेगळी, विरळणी वेगळी, हे खरं. पण कायदा "समान किंवा समान स्वरूपाचं काम" म्हणतो आणि त्यात कौशल्य, कष्ट, अनुभव, जबाबदारी हे सगळं बघायचं असतं. मुंबईतली एक केस आहे, मॅकिनन मॅकेंझी कंपनी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा. बाई स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोंना जास्त पगार, यांना कमी. कंपनीचं म्हणणं, या साहेबांच्या खासगी स्टेनो, यांचं काम वेगळं, आणि युनियनशी करारही झालेला आहे. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. त्या जागेवर फक्त बायाच आहेत, कारण कंपनीनेच तिथे फक्त बाया नेमल्या, मग त्यावरून काम वेगळं कसं ठरतं? कंपनीने आर्थिक अडचणही पुढे केली. कोर्ट म्हणालं, परवडत नाही हे कारण चालणार नाही.

विरळणीला बायाच का, हे आपणही स्वतःला विचारावं. बोट नाजूक म्हणून त्यांना निवडायचं आणि काम नाजूक म्हणून पैसे कमी द्यायचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

हमीच्या कामाचं एक सांगतो. आपल्या राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. दर कामावर होता, बाई-गडी असा भेद दरपत्रकात नव्हता. तरी घोळ व्हायचा. मोजमाप खड्ड्याचं. खोदणारा गडी, पाटी वाहणारी बाई. टोळीला पैसे मिळाले की वाटणी करताना गडी म्हणायचे, खड्डा आम्ही खणला. एका कामावर बायांनी दोन दिवस पाट्या उचलल्याच नाहीत. माती कडेला साठली, खणायला जागा राहिली नाही. तिसऱ्या दिवसापासून वाटणी हजेरीप्रमाणे सारखी झाली. मी तेव्हा नवीन होतो. दर सारखा असून भागत नाही, पैसे कोणाच्या हातात पडतात ते मस्टरवर लिहावं लागतं, हे तिथे शिकलो.

म्हणून एक विनंती. त्या ८०० चे यापुढे दोन ओळीत दोन आकडे लिहा. तिचं नाव, तिचे पैसे, तिचा अंगठा किंवा सही.

---

केजची_बाई

काकांचं शेवटचं वाक्य वाचून इथे खातं उघडलं. मी शिक्षिका आहे, केज तालुक्यात. आईवडील ऊसतोडीला जायचे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून "एक कोयता" धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वडिलांच्या नावावर, हिशेब वडिलांच्या नावावर. आई पहाटे तीनला उठून भाकरी करायची, मग फडात ऊस तोडायची, मोळ्या बांधायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. वहीत तिचं नाव कुठेच नव्हतं. एकटी बाई असेल तर ती अर्धा कोयता. आजारी पडून खाडा झाला तर मुकादम पैसे कापायचा, म्हणून पाळीतसुद्धा आई फडात असायची. बीडच्या कित्येक बायांनी कमी वयात गर्भपिशव्या काढून टाकल्या, त्यावर २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या बायांमध्ये माझी मोठी मावशी आहे.

आईला मी एकदा विचारलं, तुझे किती झाले गं यंदा? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "आपले म्हणजे?"

द्राक्षबाग ताई, तुमच्याकडची ती बाई "एकातच लिहा" म्हणाली म्हणून तिला फरक पडत नाही असं समजू नका. वेगळं लिहायला सांगितलं तर झोपडीत गेल्यावर काय ऐकावं लागेल, हे तिला माहीत असतं. ते तिच्या तोंडून येऊ देऊ नका. मालकीण म्हणून तुम्हीच सांगा, आमच्याकडे वही अशीच लिहितात. नियम तुमचा असला की तिच्यावर बोल येत नाही.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. केजच्या ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तिच्या जागेवरून मी विचारच केला नव्हता.

तासगावकर दादा, फवारणीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण मग त्याचे पैसे फवारणीचे म्हणून वेगळे द्यायला हवेत. विरळणीच्या दिवशी त्याने कात्री धरली होती, ब्लोअर नाही. उक्त्याचाही विचार केला. पण घड निर्यातीला जायचे असतात, घाईने बिघडले तर मला परवडणार नाही. रोजावरच ठेवते.

काल आमच्या कायमच्या चौघी बायांना ओट्यावर बोलावून विचारलं, आठला येता येईल का. तिघी नाही म्हणाल्या. पाणी सकाळी सातला सुटतं, भाकऱ्या त्यानंतर. एक येईन म्हणाली, तिची सून घरी आहे. तेव्हा असं ठरवलं: आठला येईल त्याला ५००, नऊला येईल त्याला ४५०, बाई असो की गडी. फवारणीच्या दिवशी औषध मारणाऱ्याला १०० वर, आणि हातमोजे-मास्क माझ्याकडून. गड्याचा रोज कमी केलेला नाही. खर्च पूर्ण ५२,८०० नाही, चाळीसच्या आसपास वाढेल. यंदा तारांची डागडुजी करायची होती, ती निम्मीच करते.

दिरांना सांगितलं. ते काही न बोलता उठून गेले. जाऊबाई मात्र रात्री फोन करून विचारत होत्या, तास कसे मोजले ते.

नवीन वही आणलीय. पहिल्या पानावर रकाने आखले: नाव, आलेली वेळ, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), फवारणी, क्रेट, रक्कम, सही. सुरगाण्याच्या त्या जोडप्याचा फोन आला होता, येतो म्हणाले छाटणीला. मी तिला फोनवर घ्यायला सांगितलं आणि तिचं पूर्ण नाव विचारलं. तीन हंगाम माझ्याकडे काम करतेय आणि वहीत ती नुसती "त्याची बायको" होती. नाव सांगताना आधी थोडा वेळ गप्प होती, मग तिने वडिलांचं नाव लावून सांगितलं. तसंच लिहिलंय.