सीईटीत गणिताचं वजन

सीईटीत, म्हणजे राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत, फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हे तिन्ही विषय सारखेच, मग गणिताचा एवढा बाऊ कशाला, असं काहीजण म्हणतात. पण तसं नाहीये. गणिताचे ५० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि प्रत्येकाला २ गुण. म्हणजे २०० पैकी १०० एकट्या गणिताचे, उरलेल्या १०० मध्ये फिजिक्स-केमिस्ट्री. अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत दोघांचं पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा) सारखं आलं, तरी आधी गणितच बघतात.

हे वजन मला चुकीचं वाटत नाही. माझा आक्षेप गणित कसं तपासलं जातं, याला आहे. मी पहिल्या वर्षाला गणित शिकवते. चांगलं पर्सेंटाइल घेऊन आलेली मुलं इंटिग्रेशनसमोर अडतात, कारण क्लासमध्ये त्यांना इंटिग्रेशन करण्याऐवजी उलटं जाऊन चारही पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून कुठला जुळतो ते बघायला शिकवलेलं असतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे नाहीच जमलं तर अंदाजाने ठोकायचं. विद्यापीठाच्या पेपरात पर्याय नसतात. तिथे पहिली पायरीच सुचत नाही. बारावीच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, पण तो पेपर आता फक्त पात्रतेपुरता उरलाय, पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून) ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) मिळाले की झालं. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातले प्रवेश निम्मे बारावीच्या पीसीएमवर आणि निम्मे जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर झाले होते. बारावीचा तो वाटा, निदान गणितापुरता, परत आणायला हवा असं मला मनापासून वाटतं.