पद्मिनी की अॅम्बेसेडर : तुलना नेमकी कोणत्या इंजिनांची?

जुनेखोड : अॅम्बेसेडर ही जुनी मोटार तिच्याच काळातल्या प्रीमियर पद्मिनीपेक्षा दमदार होती, असे ठासून सांगणारे पुरावा म्हणून हमखास १८१७ सीसीच्या इसुझू या जपानी कंपनीच्या इंजिनाचे आकडे पुढे करतात. हे मला पटत नाही. ते इंजिन आणि त्यासोबतचे पाच गिअर १९९२ मध्ये आले. त्यापूर्वी तीसेक वर्षे ही गाडी १४८९ सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिनावरच ओळखली जात होती. त्याची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन साडेअकराशे किलोच्या घरात. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद ४० च्या आसपास, पण वजन नऊशे किलोच्या आत. भागाकार केला तर टनामागे दोघींच्या वाट्याला जवळपास सारखीच ताकद येते. मग सुमारे ४० सेंटिमीटरने आखूड आणि गल्लीबोळांत सहज वळणारी पद्मिनी उजवी का मानू नये?

घाटवाट : आपला भागाकार रिकाम्या गाडीचा आहे. पाच माणसांचे साडेतीनशे किलो मिळवून पाहा : पद्मिनी टनाला ३२ अश्वशक्तीवर येते, अॅम्बेसेडर ३३ वर राहते, कारण हलक्या गाडीला तोच भार अधिक जड जातो. शिवाय अश्वशक्तीचा आकडा इंजिन भरपूर फिरल्यावरचा असतो आणि बोरघाटात भरली गाडी तेवढी फिरतच नाही. बीएमसीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ मिलिमीटर, तर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८.९; पद्मिनीचे तेच आकडे ६८ आणि ७५. मोठे घनफळ आणि लांब स्ट्रोक यांमुळे कमी फेऱ्यांतही ओढ टिकते. वरचा गिअर थोडा अधिक वेळ धरता येतो, हा फरक पायाला कळतो.

जुनेखोड : ओढीचा मुद्दा मान्य, पण ३२ आणि ३३ यांतल्या फरकावर दमदारपणाचा एवढा डोलारा उभा राहत नाही. शहरात, दर शंभर पावलांवर थांबणाऱ्या गाडीला अडीचशे किलो कमी ओढावे लागणे हेच मोठे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी उगाच धरून ठेवली नव्हती. शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तीही २० वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळे.

पानापेटी : टॅक्सीचा दाखला इथे तोकडा पडतो. पद्मिनीचा कारखाना कुर्ल्याला, अॅम्बेसेडरचा कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला. ज्या शहराच्या उशाशी ज्या गाडीचे सुटे भाग, तिथे ती टॅक्सी रुजली. कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीवरून अॅम्बेसेडर शहरात सरस होती, असे आपण म्हणणार आहात का? राहिला घाट. चढावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली की बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओले फडके ठेवणारे दोन्ही गाड्यांचे चालक होते, आणि त्या वेळी बोअर-स्ट्रोकपेक्षा डिकीतल्या पाण्याच्या कॅनचे मोल जास्त असे.

घाटवाट : फडके दोघांनाही लागे, हे खरेच. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच वळणावर कोणती आधी दुसऱ्या गिअरवर उतरे, तेवढेच मी विचारतो आहे.