धाकट्या भावाने गॅरेज सोडून मेकॅनिकचा कोर्स करावा का? पैशाच्या हिशोबात मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं एकदाच लिहिते म्हणजे तुम्हाला परत परत विचारायला लागणार नाही.

माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे, बार्शीत एका टू-व्हीलर गॅरेजमध्ये चार वर्षं कामाला आहे. दहावीला ६१ टक्के होते, अकरावीत असताना वडील आजारी पडले आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आधी नुसतं पंक्चर आणि गाड्या धुणं, आता क्लच प्लेट, चेन सेट, हेड खोलून व्हॉल्व्ह बसवणं सगळं एकटा करतो. महिना ११ हजार मिळतात, त्यातले ८ घरी देतो. जुन्या गाडीचा आवाज आला की पेचकसचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावतो आणि सांगतो टॅपेट आहे की टायमिंग चेन, आणि तेच निघतं. मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, त्यामुळे हिशोब मांडायची सवय आहे, पण या धंद्यातलं मला काही कळत नाही म्हणून इथे लिहितेय.

आता झालं काय, मागच्या महिन्यात त्याच्याकडे एक बीएस-६ गाडी आली, चेक इंजिनचा लाईट लागलेला. (१ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमांच्या, झाल्या, कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आला हे तुम्हाला माहीतच असेल.) त्याने प्लग बदलला, एअर फिल्टर साफ केला, बॅटरी बघितली, अख्खी दुपार गेली तरी लाईट जाईना. गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीला जोडून बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र) नाही. शेवटी गाडी टेम्पोत घालून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायला लागली, तिथे दहा मिनिटांत सापडलं, सेन्सरचा कनेक्टर सैल होता. रात्री मला फोन करून म्हणाला, "ताई, ती वायर माझ्या हाताखालून चार वेळा गेली असेल गं." तेव्हापासून त्याने डोक्यात घेतलंय की कोर्स करायचाच. मलाही ते पटतं, कारण कार्बोरेटरच्या गाड्या दरवर्षी कमी होणार आणि इलेक्ट्रिक स्कूटर तर आमच्या गल्लीतसुद्धा तीन आहेत.

पर्याय दोन आहेत.

पहिला, पुण्यातली एक खासगी संस्था, ६ महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, बीएस-६ आणि ईव्ही (इलेक्ट्रिक गाड्या) दोन्ही शिकवतात, फी ८५ हजार, "शंभर टक्के प्लेसमेंट". मी स्वतः जाऊन आले. लॅब बघितली, तीन इंजिन स्टँडवर होती आणि एक स्कूटर उघडून ठेवलेली. कोर्सला सरकारी मान्यता आहे का विचारलं तर त्यांनी फ्रेम केलेलं उद्यम रजिस्ट्रेशन दाखवलं. अहो, उद्यम म्हणजे धंद्याची नोंदणी, आमच्या ऑफिसात रोज करतो आम्ही, त्याचा कोर्सच्या मान्यतेशी काही संबंध नाही. हे बोलल्यावर काउन्सेलर बाई गप्प बसल्या. तिथेच माझा निम्मा विश्वास उडाला, पण भाऊ अजून त्याच्यावरच अडून आहे कारण ६ महिन्यांत संपतो.

दुसरा, सरकारी आयटीआय, मोटार मेकॅनिक ट्रेड, दोन वर्षं. फी खासगीच्या मानाने काहीच नाही, वयाची वरची अट नाही, घरी राहून होतं. डिझेल मेकॅनिक एका वर्षात होतो पण त्याचा हात बसलाय पेट्रोल गाड्यांवर.

आता हिशोब. खासगी कोर्सला ८५ हजार फी, ६ महिन्यांचा बुडालेला पगार ६६ हजार, पुण्यात रूम आणि मेस महिना साडेसात हजार धरले तर ४५ हजार (मी लेडीज पीजीत राहते, तो माझ्याकडे राहू शकत नाही), म्हणजे १ लाख ९६ हजार. आणि नंतर नोकरी लागली तर सुरुवातीला १४,५०० सांगतात. त्यातून रूम-मेस काढली की हातात ७ हजार. घरी राहून त्याला आज ११ मिळतात! म्हणजे पुण्यात पगार १८,५०० होईपर्यंत तो आजच्यापेक्षा तोट्यातच. हे त्याला कागदावर लिहून दाखवलं तरी म्हणतो शिकल्यावर वाढेल की.

आयटीआयला दोन वर्षांचा बुडालेला पगार २ लाख ६४ हजार. पण त्याचे गॅरेजवाले उस्ताद म्हणालेत संध्याकाळी आणि रविवारी ये, ५ हजार देतो, म्हणजे १ लाख २० हजार परत आले, राहिले १ लाख ४४. पुढे एक वर्ष अप्रेंटिसशिप, त्यात महिना ७,७०० स्टायपेंड धरला तर तिथे अजून ३९,६०० कमी. एकूण १ लाख ८३ हजारांच्या आसपास. दोन्हीचा आकडा जवळजवळ सारखाच निघाला बघा, मी तीनदा मांडला. फरक इतकाच की खासगीत रोख माझ्या खिशातून जाणार आणि आयटीआयमध्ये न आलेला पगार.

मग प्रश्न उरतो की कोणत्या कागदाने काय मिळतं. मला समजलं ते असं की आयटीआयवर एसटीच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप करता येते, रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला दहावी आणि आयटीआय लागतो त्यात मोटार मेकॅनिक चालतो, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. खासगी कागदावर यातलं काहीच नाही. पण आयटीआयमध्ये बीएस-६चं नीट प्रॅक्टिकल होतं का, की अजून जुनंच इंजिन खोलायला लावतात? त्याला खरी गरज तर त्याचीच आहे ना.

अजून एक विचार मनात येतो, कोर्स न करता त्याच ८५ हजारांत स्कॅनर, चांगला टूल सेट, छोटा कॉम्प्रेसर घ्यावा आणि कमी पडले तर मुद्रा कर्जाच्या शिशु गटातून (५० हजारांपर्यंत मिळतं) उचलावे. पण नुसता स्कॅनर घेऊन कोड वाचता आला तरी तो समजायला शिकायला नको का?

माझ्याकडे १ लाख १० हजार साठलेत, ते त्याच्यासाठीच आहेत, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. फक्त ते चुकीच्या ठिकाणी जायला नकोत. ज्यांनी स्वतः आयटीआय केलाय, जे सर्व्हिस सेंटरला आहेत किंवा ज्यांचं गॅरेज आहे त्यांनी प्लीज मनापासून सांगा.

अपडेट : सगळ्यांचे खूप आभार, इतक्या लोकांनी वेळ काढून लिहिलं. एका दादांनी सांगितलं होतं की संस्थेकडून पास झालेल्या मुलांचे नंबर मागा, ते मागितले. तीन दिले. एक लागत नाही. एक मुलगा शोरूमला आहे, १३ हजारांवर, आणि अजून वॉशिंग आणि ऑइल चेंजच करतो, स्कॅनरला हात लावू देत नाहीत म्हणाला. तिसरा पार्सल डिलिव्हरी करतो. त्या तिसऱ्याशी मी भावाचं बोलणं करून दिलं, वीस मिनिटं बोलले दोघं. त्यानंतर भाऊ स्वतःच म्हणाला, आयटीआयचा फॉर्म कधी निघतो बघ.

ज्या ताईंनी आरपीएलबद्दल लिहिलं (काम येतंय पण कागद नाही अशांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात ते), ते पण करून घेणार आहे, आयटीआयची जागा त्याने भरणार नाही हे कळलं, पण हातात एक कागद तर येईल. स्कॅनरसाठी उस्ताद निम्मे पैसे घालायला तयार झालेत, निम्मे मी देते, म्हणजे संध्याकाळी तो त्याच्यावर शिकेल.

आता शेवटचं विचारते. आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते आणि गॅरेजला संध्याकाळी चारपर्यंत पोचायला हवं, नाहीतर ते ५ हजारांचं गणितच कोसळतं. पहिली शिफ्ट मिळाली तरच जमेल. ऑनलाइन फॉर्म भरताना ऑप्शनमध्ये शिफ्ट निवडता येते का, की अ‍ॅडमिशन झाल्यावर प्राचार्यांना अर्ज द्यायचा? सोलापूर, लातूर, धाराशिव बाजूच्या कुणी अलीकडे अ‍ॅडमिशन घेतलं असेल तर सांगा.